माळकरी मांजर

राहीबाईच्या घरात मांजरं आधी होती आणि नवरा नंतर आला. ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं तसंच आहे. लग्न झालं तेव्हा लालासाहेब पलटणीत होते. अंगाची हळद उतरायच्या आत रजा संपली आणि ते गेले. त्यानंतर वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचे. आले की ट्रंक उघडायची, कोंबडं कापायचं, दोस्तांना मिलिटरीची रम पाजायची, आणि रजा संपली की ट्रंकेला कुलूप लावून परत जायचं. सासू होती तोवर राहीबाईला बोलायला सासू होती. सासू गेली, एकुलती लेक कराडकडं दिली, आणि कृष्णेकाठच्या त्या घरात राहीबाई नि तिची मांजरं एवढंच उरलं. ऊस वाटेकरी बघायचा, म्हैस राहीबाई बघायची आणि राहीबाईला मांजरं बघायची.

मांजरं दोन. सोनी नावाची भाटी, म्हणजे मांजरी, पांढऱ्यावर तांबडे-काळे ठिपके असलेली. आणि एक थोराड बोका. तो चालायचा ते असा, की समोरच्यानंच वाट सोडावी. त्याचा तोरा बघून राहीबाईनं त्याचं नाव सुभेदार ठेवलं. भोईण माशाची पाटी घेऊन गल्लीच्या तोंडाला आली की सुभेदार उंबऱ्यावर येऊन बसायचा. भोईणही त्याला ओळखून होती. राहीबाईनं घेवो न घेवो, सुभेदारापुढं ती दोन मुंडकी टाकायचीच. म्हणायची, "सायबाचा हप्ता आधी दिलेला बरा."

सोनीची तऱ्हा वेगळी. तिला ताटलीत तोंड घालून खायचं माहीतच नव्हतं. जर्मनच्या ताटलीतनं ती पंजानं एक तुकडा बाहेर ओढायची, भुईवर ठेवायची, हुंगायची, मग खायची. की पुन्हा दुसरा तुकडा. घाई म्हणून नाही. आणि जेवताना कुणी बघत बसलं की ही बया सरळ भिंतीकडं तोंड करायची आणि पाठमोरी जेवायची. राहीबाईला याची इतकी गंमत वाटायची की ती मुद्दाम समोर जाऊन बसायची, आणि सोनी मुद्दाम फिरायची. दोघींचा हा खेळ वर्षानुवर्षं चालला होता. राहीबाई दळायला बसली की सोनी तिच्या पदराच्या टोकावर बसणार, आणि पदर ओढला तर तिच्याकडं अशी बघणार, जणू पदर तिच्या बापाचा.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि लालासाहेब पेन्शनीत निघाले.

दुष्काळाची दोन सालं नुकतीच सरली होती. लालासाहेब हवालदार म्हणून रिटायर झाले, ट्रंक आणली, ती माळवदाखाली ठेवली आणि या वेळी कुलूप लावलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी राहीबाईला बोक्याला हाक मारताना ऐकलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय म्हणालीस त्याला?"

"सुभेदार."

लालासाहेबांना हवालदारीच्या वर चढता आलं नव्हतं आणि ते दुखणं ताजं होतं. राहीबाईला बिचारीला पलटणीतलं वर-खाली काय ठाऊक. बाहेर कट्ट्यावर मात्र लोकांना ठाऊक होतं. "हवालदाराच्या घरात सुभेदार मांजर" म्हणून दोन दिवस गाव हसलं. तिसऱ्या दिवशी लालासाहेबांनी हुकूम काढला, की आजपासून या बोक्याचं नाव नाईक, म्हणजे हवालदाराच्या एक पायरी खाली. बोक्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याला सुभेदार म्हटलं तरी तो येत नव्हता, नाईक म्हटलं तरी आला नाही.

पण गावात आल्यावर माणसाला मान लागतो, आणि नुसत्या पेन्शनीवर मान मिळत नाही. गावात दरसाल नामसप्ताह बसायचा. त्या कमिटीचे जुने कारभारी भाऊसो एक दिवस घरी आले आणि म्हणाले, "हवालदार, औंदापास्नं सप्त्याचं अध्यक्ष तुमीच व्हा. शिस्तीचा मानूस पायजे. पर एक हाय, अध्यक्षाच्या गळ्यात माळ लागती."

झालं. सगळा जन्म मटणावर ताव मारलेल्या माणसानं आठ दिवसांत तुळशीची माळ घातली. माळ घालणं वाईट नाही. गावात कितीतरी माणसं माळकरी होती, साधी, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लालासाहेबांनी घातली ती पलटणीतला नवा बिल्ला लावावा तशी. येताना राहीबाईसाठीही एक आणली आणि तिच्या हातात दिली. तिला घालायची का नाही हे कुणी विचारलं नाही. राहीबाईला मासळीची आवड होती, पण तिनं माळ घातली आणि माशाच्या तव्याला राख लावून तो मागच्या परड्यात पालथा टाकला. आपलं काय, कसंही निभतं, असा तिचा हिशेब.

तिला वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी भोईण आली, बोका उंबऱ्यावर बसला, आणि लालासाहेब आतनं गरजले.

"बिलकुल बंद. ह्या घरात आता मासळी शिरायची न्हाई."

"आवं, मांजरं खातील की. आपुन कुठं खातोय?"

"घर माळकऱ्याचं म्हणजे घरातलं सगळं माळकरी. मांजरं काय आभाळातनं पडली? दूध-भाकरी खातील. सात्त्विक अन्न हाय. अंग निरोगी ऱ्हातंय, डोकं शांत ऱ्हातंय. मासळीनं मांजर हावरट हुतंय, रोगट हुतंय."

आता या माणसानं उभ्या जन्मात मांजराला एक घास घातला नव्हता. पण सांगताना असं सांगितलं, जणू मांजराच्या पोटात जाऊन बघून आलेत.

मग सुरू झाली ती मांजरांची परेड. ट्रंकेतनं पलटणीची शिट्टी निघाली. सकाळी शिट्टी, संध्याकाळी शिट्टी. शिट्टी वाजली की राहीबाईनं जर्मनच्या ताटलीत दुधात भाकरी कुस्करून ठेवायची. बोका पहिल्या दिवशी आला, ताटली हुंगली, लालासाहेबांकडं नीट एकदा पाहिलं आणि परड्याच्या भिंतीवरनं उडी मारून जो गेला तो पलीकडं हरणाबाईच्या खोपटात. हरणाबाई नि तिचा नवरा बिराप्पा दुष्काळात म्हसवडकडनं मेंढरं घेऊन आलेले. मेंढरं अर्धी मेली, माणसं इथंच उसात राबायला राहिली. त्यांच्या चुलीवर आठवड्यातनं दोनदा तरी सुकट भाजायची. बोक्यानं घर बदललं. लालासाहेबांनी जाहीर केलं, "नाईक फरार झाला."

सोनी मात्र राहिली. ती राहीबाईचं घर सोडून जाणारी नव्हती, आणि उंदीर धरणं तिला कधी जमलंच नव्हतं. पहिले दोन दिवस तिनं ताटलीला तोंड लावलं नाही. मग पंजानं भाकरीचा भिजका तुकडा बाहेर ओढला, भुईवर ठेवला, हुंगला, राहीबाईकडं पाहिलं, आणि खाल्ला. भिंतीकडं तोंड करून. राहीबाईला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. तिला वाटलं, माझ्यासाठी खाल्लं हिनं. शिट्टी वाजली की सोनी कान ताठ करून धावत यायची, तेव्हा राहीबाईलाही हसू यायचं. लालासाहेबांची तर छाती फुगली. त्यांनी एका तुळशीच्या मण्यात दोरा ओवला आणि सोनीच्या गळ्यात बांधला. गावात बोलबाला झाला. हवालदाराच्या घरी माळकरी मांजर आहे, मासळीकडं ढुंकून बघत नाही. लोक बघायला यायचे. लालासाहेब शिट्टी वाजवायचे, सोनी यायची, दूध-भाकरी खायची, आणि लोक च्या पिऊन जायचे. च्या राहीबाईनं करायचा.

पुढच्या हिवाळ्यात सोनीचं बिघडत गेलं. आधी अंगावरची लव खरबरीत झाली. मग कण्याची हाडं वर आली. राहीबाई दूध वाढवायची, साय घालायची, सोनी दुबळीच. मग एका सकाळी राहीबाई दळत होती, सोनी नेहमीसारखी पदरावर बसायला निघाली आणि जात्याच्या पाळीवर थाडकन आदळली. राहीबाईला वाटलं, पेंगत असेल. पण दुसऱ्या दिवशी ती कणगीवर उडी मारताना चुकली आणि खाली पडली. राहीबाईनं तिला उचलून उजेडाला धरलं. सूर्य समोर असताना मांजराच्या डोळ्यात बारीक रेघ असते. सोनीचे डोळे काळे, मोठे, उघडे पडल्यासारखे होते.

तिनं नवऱ्याला दाखवलं. लालासाहेबांनी सोनीच्या डोळ्यात पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, हिचं ध्यान लागलंय."

"काय लागलंय?"

"ध्यान. बघ, नजर कशी लागलीया एका जागी. अन्नाचा गुण हाय ह्यो."

आणि हे त्यांनी कट्ट्यावर जाऊन सांगितलं. आता बोला. आंधळं होत चाललेलं मुकं जनावर भिंतीला धडकत फिरतंय, आणि लोक येऊन त्याला हात जोडतायत. राहीबाईच्या तळपायाची आग मस्तकाला जायची, पण वीस वर्षं सुट्टीवर आलेल्या माणसाशी भांडायची तिला सवय नव्हती. पाहुण्याशी कोण भांडतं?

बाजाराला जाते म्हणून ती निघाली, सोनीला पाटीत घातली, वर फडकं बांधलं आणि एस.टी.नं तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथं बैल, म्हशी, शेळ्या. मांजर आणलेली ती एकटीच. लोक हसले. डॉक्टरही आधी हसला, मग सोनीच्या डोळ्यापुढं बॅटरी धरली आणि हसायचा थांबला.

"काय खायला घालता?"

"दूध-भाकरी."

"आणि?"

"तेवढंच. माळकरी घर हाय आमचं."

डॉक्टरनं तिच्या गळ्यातली माळ पाहिली. मग म्हणाला, "बाई, माळ तुम्ही घातलीय. मांजराचं शरीर मांसावर चालतं. ते तुम्ही तोडलंत तर आधी डोळे जातात, मग हृदय. गेली ती नजर आता परत यायची नाही. पण थोडी शिल्लक आहे. मासे, काळीज, काय मिळेल ते आजपासून घाला, म्हणजे आहे ती तरी टिकेल. नाहीतर उन्हाळ्यापर्यंत ठार आंधळी होईल."

घरी येऊन तिनं हे जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. चोरून गेल्याचंही सांगितलं. लालासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सप्ता तोंडावर आलाय. अध्यक्षाच्या घरात मासळी शिजली म्हंजे लोक तोंडात शेण घालतील माझ्या. मांजराच्या डोळ्यापायी मी इज्जत घालवू व्हय?"

"घरात न्हाई घालत. परड्यात घालते."

"बिलकुल न्हाई."

राहीबाई उठली आणि म्हशीचं शेण भरायला गेली. पण त्या संध्याकाळी तिनं मनाशी पक्कं केलं. सोनीचे उरलेले डोळे जाऊ द्यायचे नाहीत, मग नवरा काहीही म्हणो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लालासाहेब देवळात कमिटीच्या बैठकीला गेल्यावर, ती सोनीला पदराखाली घेऊन हरणाबाईच्या खोपटात गेली. गळ्यातली माळ काढली आणि तिथल्या खुंटीला अडकवली. हरणाबाई घाबरली.

"आक्का, पाप लागंल ओ."

"लागू दे. आंधळं करायचं पाप कुणाला लागायचं मग?"

हरणाबाईनं सुकट भाजली, नदीचे दोन बारके मासे दिले. राहीबाईनं काटे काढून तुकडे भुईवर ठेवले. सोनीचं नाक थरथरलं. तिनं चाचपडत पंजा पुढं केला, एक तुकडा ओढला, हुंगला आणि गपकन गिळला. मग दुसरा. भुकेल्या जनावराला कुठली आलीय रीत, पण पोट भरत आलं तशी तिला आपली रीत आठवली आणि तिनं हळूच भिंतीकडं तोंड फिरवलं. राहीबाई तोंडावर पदर धरून हसली, आणि हसता हसता रडली. कोपऱ्यातनं बोका हे सगळं मालकासारखा बघत होता.

असं रोज चाललं. मासे भरवायचे, राखेनं हात घासायचे, चिंचेनं घासायचे, माळ घालायची आणि घरी यायचं. घरात शिट्टी वाजली की ताटली ठेवायची, सोनी खात नसली की कुणाचं लक्ष नसताना म्हशीपुढच्या आंबोणाच्या घमेल्यात ओतायची. महिन्याभरात सोनीच्या अंगावर लव आली. पाणी प्यायला ती आपली आपण जायला लागली. एका सकाळी ती न धडकता जात्याला वळसा घालून आली आणि पदरावर बसली. राहीबाईनं पदर ओढला. सोनीनं तिच्याकडं बघितलं. धूसर का होईना, पण बघितलं. राहीबाईला लेक बाळंतपणाला आल्यावर झाला नव्हता एवढा आनंद झाला.

सप्ताहाची सांगता झाली आणि शेवटच्या दिवशी कीर्तनकार बुवांचं जेवण अध्यक्षांच्या घरी ठेवलं. सोप्यात पंगत बसली. बुवा, भाऊसो, गावातली दहाबारा मानाची माणसं. राहीबाई वाढत होती. जेवणं होत आली तसे लालासाहेब म्हणाले, "बुवा, आता आमचं मांजर बघा." त्यांनी शिट्टी फुंकली.

सोनी आली. सगळ्यांच्या मधोमध ताटली ठेवलेली. तिनं दूध-भाकरी हुंगली. मग मांजरं घाण झाकायला माती ओढतात ना, तशी ती ताटलीभोवतीची भुई पंजानं खरडायला लागली. या बाजूनं खरडली, त्या बाजूनं खरडली. पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. लालासाहेबांनी पुन्हा शिट्टी मारली. सोनीनं मान वर केली, वास घेतला आणि सरळ राहीबाईकडं गेली. राहीबाई भाताचं पातेलं घेऊन वाकली होती. सोनी मागच्या पायांवर उभी राहिली, तिच्या उजव्या हाताची बोटं चाटायला लागली आणि मागायला लागली, दुपारची मागायची तशी, मोठ्यांदा.

राख, चिंच, सगळं माणसाच्या नाकापुरतं असतं. राहीबाई तशीच वाकलेली राहिली. तिला हात मागं घेता आला नाही.

भाऊसो काय ते समजले. "वैनी," ते सावकाश म्हणाले, "हाताचा कसला वास लागलाय मांजराला?"

कुणी हसलं नाही आता. बुवांनी मात्र पानावरनं न उठता म्हटलं, "असू द्या हो, जनावर आहे ते." ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी भात मागून घेतला. पण लालासाहेबांचा चेहरा गेरूसारखा झाला होता. पंगत उठली, माणसं गेली. राहीबाई वाट बघत राहिली, की आता ओरडतील, आता हात उगारतील. लालासाहेब अंथरूण टाकून आडवे झाले. इथंच तिची चूक झाली. तिला वाटलं, निभावलं.

सकाळी ती घाटावर धुणं धूत होती. पैलतीरावरनं कोंडीबा नावाड्याची नाव येताना दिसली. नावेत लालासाहेब उभे होते आणि त्यांच्या काखेत रिकाम्या पोत्याची घडी होती.

मांजर कुणी मारत नाही आपल्याकडं. मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात, म्हणून लोक पोत्यात घालून नदीपार सोडतात. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही. आणि पाप लागत नाही. किती सोयीचं करून ठेवलंय सगळं.

राहीबाईच्या हातातलं लुगडं पाण्यात गेलं. "सोनी?"

"सोडून आलो. मारली न्हाई म्या."

"आवं, तिला नीट दिसत न्हाई."

"देव बघंल तिच्याकडं," लालासाहेब म्हणाले आणि पोतं झटकून घराकडं चालू लागले.

ती तशीच ओल्या अंगानं नावेत बसली. पैलतीरी उसाच्या फडातनं, बाभळीतनं, मळ्यामळ्यातनं हाका मारत हिंडली. दुसऱ्या दिवशी पदराला सुकट बांधून गेली. तिसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन गेली. शिट्टीवर सोनी कुठूनही यायची. राहीबाईला शिट्टी धड फुंकता येत नव्हती, तरी ती काठावर उभी राहून फुंकत राहिली. ऊस तोडणाऱ्या बाया थांबून बघायच्या. कोंडीबानं एक दिवस वल्हं खाली ठेवलं आणि सांगितलं, "आक्का, सांगू का नगं म्हनत हुतो. सोडली त्या दिवशी ती सांजपतोर काठावरच हुती. पान्याकडं तोंड करून वरडत हुती. दुसऱ्या दिवशी फडाकडं कुत्री लागल्याली ऐकली म्या. मग काय आवाज न्हाई आला."

राहीबाईनं पदराची गाठ सोडली आणि सुकट नदीत टाकली. शिट्टीही टाकली. मग घरी आली, भाकरी थापल्या, दूध तापवलं.

लालासाहेब जेवायला बसले. तिनं त्यांच्यापुढं पितळी ठेवली. पितळीत दुधात कुस्करलेली भाकरी होती.

"कोरड्यास कुठाय?"

"केलं न्हाई."

"चटणी तरी दे."

"न्हाई. सात्त्विक हाय हे. अंग निरोगी ऱ्हातंय, डोकं शांत ऱ्हातंय. तुमीच सांगितलं हुतं."

लालासाहेबांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या गळ्यात माळ नव्हती. नदीवरनं येता येता तिनं ती हरणाबाईच्या खुंटीला अडकवली होती, ती कायमची. ते चिडले, पितळी सरकवून उठले. संध्याकाळी परत दूध-भाकरी. दुसऱ्या दिवशी तीच. त्यांना स्वतःला चूल पेटवता येत नव्हती, आणि तक्रार करायची तरी कुणाकडं? ज्या कट्ट्यावर वर्षभर दूध-भाकरीचे गोडवे गायले, त्या कट्ट्यावर जाऊन काय सांगणार? बाई नवऱ्याला उपाशी ठेवते म्हणावं, तर दोन वेळा ताजं दूध नि गरम भाकरी. देवाची शपथ घेऊन सांगण्यासारखं अन्न.

राहीबाई स्वतः दुपारी हरणाबाईकडं जेवायची. काय जेवायची ते लपवायची नाही. गावात बोलणारे बोलले, मग थकले.

रोज दोन वेळा ती पितळी वाढायची आणि समोर जात्यापाशी बसायची. नुसती बघत बसायची. पहिले काही दिवस लालासाहेब डोळे वटारायचे. मग मान खाली घालून जेवायला लागले. आणि पुढं एक दिवस, काय झालं त्यांना कुणास ठाऊक, त्यांनी पितळी उचलली, पाट फिरवला आणि भिंतीकडं तोंड करून जेवायला बसले. राहीबाईनं ते पाहिलं आणि पदरात तोंड खुपसून ती कितीतरी वेळ रडली.